बावीस मधल्या भिंती

कुणाच्याही घरी गेले तरी आप्पा लगेच बसत नसत. आधी दारात उभे राहत, चारी भिंतींवरून सावकाश नजर फिरवत, ओठातल्या ओठात पुटपुटत आणि मग म्हणत, "तीनशे शहाण्णव. दार-खिडकी बाद, तीनशे एकोणसाठ." म्हणजे त्या खोलीच्या भिंती आतल्या बाजूनं तीनशे एकोणसाठ चौरस फूट. हे सांगून झाल्यावरच ते सतरंजीवर टेकत आणि पाणी मागत.

आमच्या साहेबांचे वडील गेले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. आप्पा दाराशी हात जोडून उभे राहिले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. घरातल्या बायकांना वाटलं, म्हातारा काहीतरी म्हणतोय देवाचं. त्यांनी पदर सावरले. मी शेजारीच होते. आप्पा म्हणत होते, "उत्तरेची भिंत अडीच इंच भाईर गेलीय."

साहेब सिव्हिल इंजिनिअर. शिरूरला एसटी स्टँडच्या मागं, एका औषधाच्या दुकानावर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. घरांचे, गोडाऊनचे, चाळींचे नकाशे काढायचे, आणि किती वीट, किती सिमेंट, किती वाळू लागेल त्याचा तक्ता करून द्यायचा, हे काम. तक्ता करायचं काम वीसेक वर्षं आप्पांचं होतं. लांबी गुणिले उंची, वजा दारं-खिडक्या, हे सगळं ते पेन्सिलीनं लांबट वहीत मांडत. वहीत दार-खिडकी असं ते लिहीतच नसत, नुसतं 'बाद' लिहीत. कुणी कामावर आलं नाही तरी विचारत, "आज कोण बाद?"

ते दौंडहून येत. पहाटेची एसटी धरून, न्हावऱ्यावरून. ऑफिसचं शटर उघडायच्या आधी तासभर ते जिन्यात उभे असत, आणि संध्याकाळी सगळ्यांत शेवटी निघत. दौंडला रेल्वेलाइनीच्या पलीकडं एका खोलीत ते एकटे राहत. घरच्यांविषयी त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आम्हाला इतकंच दिसायचं की त्यांना रविवार सोसत नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी ते चक्क शिरूरला यायचे. खालचा औषधवाला सोमवारी सांगायचा, "तुमचे आप्पा काल जिन्यात बसून होते की दुपारपर्यंत." आम्ही विचारलं की म्हणायचे, "चष्मा इसरलो व्हतो." चष्मा नाकावरच असायचा.

मी त्या ऑफिसात लागले ती कॉम्प्युटरवर घरं काढायला. शिरूरच्या क्लासमध्ये सहा महिने शिकले होते. त्याआधीचं माझं सगळं शिक्षण पत्रकांवर झालेलं. वडील सणसवाडीच्या कारखान्यात पाळीवर जायचे आणि युनियनचं काम करायचे. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. 'कामगार बंधूंनो' हे शब्द मी माझं नाव लिहायच्या आधी लिहायला शिकले असेन. त्यामुळं जगात दोनच बाजू आहेत आणि आपण योग्य बाजूला आहोत, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. आप्पा कुठल्या बाजूला आहेत, हे मी पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं. साहेबांसमोर मान हलवणारे, मालकांना नमस्कार करणारे, म्हणजे त्या बाजूचे.

साहेबांनी जे सॉफ्टवेअर आणलं होतं, त्यात भिंत काढली की ती नुसती रेघ नसायची. तिला जाडी असायची, उंची असायची. खिडकी बसवली की तेवढी भिंत आपोआप वजा व्हायची. शेवटी एक बटण दाबलं की भिंतींचं क्षेत्रफळ आणि विटांची संख्या, सगळा तक्ता समोर. आप्पांचं तीन दिवसांचं काम दोन मिनिटांत.

मला वाटलं होतं, म्हातारा आता रुसणार. तसं झालं नाही. मशीन आलं त्या दिवशी त्यांनी चपला बाहेर काढल्या, हात धुतले आणि माझ्या मागं येऊन उभे राहिले. महिन्याभरात ते स्वतः भिंती काढू लागले. पण आधी वहीत करायचे, मग मला म्हणायचे, "आता त्याला इचार." मशीनचा आकडा आणि वहीचा आकडा एक आला की ते "जुळलं" म्हणायचे. पण कसं म्हणायचे! सोबतीला आलेला माणूस मधल्याच स्टँडवर उतरून जावा, तसं.

कारण त्यांना कळत होतं, मला कळत नव्हतं. साहेबांना दुसरा कॉम्प्युटर घ्यायचा होता. त्याच्यासाठी जागा एकच होती, आप्पांच्या टेबलाची. एकदा सगळ्यांसमोरच साहेब म्हणाले, "आप्पा, तक्ते तपासायला लागतात तोवर तुम्ही आहातच. पुढचं पुढं बघू." म्हणजे मशीनच्या तक्त्यावर आप्पांनी नजर टाकायची, कोपऱ्यात पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची, की तो तक्ता मालकाकडं जाणार. वीस वर्षांच्या कामातलं तेवढंच उरलं होतं. खूण लागत होती तोवर टेबल होतं, आणि टेबल होतं तोवर जिन्यात उभं राहायला, डबा उघडायला, "आज कोण बाद" विचारायला माणसं होती.

डब्याचं पण सांगते. ते स्वतःचा डबा भिंतीकडं तोंड करून खायचे. पण खायच्या आधी प्रत्येकाला विचारायचे, "काय भाजी आणलीय?" कुणी पुढं केली तर घ्यायचे नाहीत. फक्त ऐकायचे. मेथी, वांगं, मटकी. ऐकून झालं की मान हलवून भिंतीकडं वळायचे.

मग सणसवाडीच्या नानांची चाळ आली.

नाना जमीनवाले. कारखाने आले तशी रानातली ऊस-ज्वारी जाऊन तिथं खोल्या उभ्या राहायला लागल्या होत्या. बिहारहून, मराठवाड्याहून आलेल्या पोरांना राहायला. नानांना दहा बाय बाराच्या चोवीस खोल्या हव्या होत्या, बारा-बाराच्या दोन ओळी. प्रश्न मधल्या भिंतींचा होता. बाहेरच्या नऊ इंची, पण दोन खोल्यांच्या मधली भिंत चार इंची करायची का नऊ इंची? साहेबांनी आप्पांकडं पाहिलं.

"चार बरी," आप्पा म्हणाले.

मी खुर्चीतून उठलेच. "का बरी? नानांच्या विटा वाचतात म्हणून? रात्रपाळीवाला दिवसा झोपणार कसा, शेजारी रेडिओ लागला तर? माणूस शिंकला तर पलीकडच्यानं जागं व्हायचं?"

"व्हावं की जागं," आप्पा म्हणाले. "काय बिघडलं?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"पोरी, मी चार इंचीत ऱ्हातो. माझ्या पलीकडं रेल्वेतल्या एका माणसाचं बिऱ्हाड व्हतं. त्याचं पोरगं सांच्याला पाढं म्हनायचं. सतरा सक चुकायचं दर बारीला. मी भिंतीवर ठोकायचो, टक. की ते थांबायचं आन् दुरुस्त करायचं. दोन वरसं. तोंड वळखत न्हाई मी त्याचं. बदली झाली त्यांची."

सगळे हसले. आप्पाही थोडे हसले. मला मात्र तो विषय बदलायचा डाव वाटला. त्या रात्रीच मी पत्रक लिहिलं. 'कामगार म्हणजे खुराड्यातल्या कोंबड्या नव्हेत' असं वर मोठ्या अक्षरात, आणि खाली इतर गोष्टींबरोबर हेही, की मालकाच्या विटा वाचवणारे दलाल आपल्यातच टेबल टाकून बसलेले असतात. सकाळी ते मी ऑफिसच्या आतल्या दारावर चिकटवलं.

आप्पांनी ते उभ्यानं वाचलं. खिशातून पेन्सिल काढली आणि एका ओळीशी थांबले. "चोवीस खोल्या लिवल्यास. त्याच्यात मधल्या भिंती बावीस. एका वळीत अकरा. त्ये बी लिव, म्हंजी वाचणाऱ्याला अंदाज येतो." एवढंच म्हणाले. 'दलाल' या शब्दाला त्यांनी खूण केली नाही. पण त्या दिवशी त्यांनी कुणालाच भाजी विचारली नाही.

नानांनी चार इंचीच ठरवली. मी चाळ काढायला घेतली. एक खोली नीट काढली, दार बसवलं, खिडकी बसवली. मग तिची नक्कल करून शेजारी ठेवली, पुन्हा नक्कल, पुन्हा शेजारी. अर्ध्या तासात चोवीस खोल्या. बटण दाबलं, तक्ता आला. तो मी आप्पांच्या टेबलावर ठेवला नाही. दलाल म्हटलेल्या माणसाची खूण मला माझ्या कागदावर नको होती. सरळ साहेबांकडं दिला, साहेब पुण्याला निघायच्या घाईत होते, त्यांनी तसाच नानांना दिला. आप्पांनी तो कागद आपल्यासमोरून जाताना पाहिला. हात थोडा उचलला आणि परत टेबलावर ठेवला.

महिन्या-दीड महिन्यानं साहेबांनी आम्हा दोघांना सणसवाडीला पाठवलं. जोत्यापर्यंत काम आलं होतं, ते बघून यायला. बसमध्ये आप्पा माझ्या पुढच्या सीटवर बसले, मागं वळले नाहीत. साइटवर विटांच्या थप्प्या लागल्या होत्या. आप्पा नेहमीसारखे त्या मोजत निघाले. लांबीला किती, रुंदीला किती, थर किती. एक फेरी झाली. दुसरी मारली. मग रुमालात गुंडाळलेली स्टीलची टेप काढली, जोत्यावरची एक खोली मोजली, रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि मला लांब बोलावलं.

"तू एक खोली काढलीस आन् तिच्या नकला मारत गेलीस ना?"

"हो."

"नक्कल केलेली दर खोली तिच्या चारी भिंती घेऊन आली. ह्या खोलीची भिंत आन् शेजारणीची भिंत, दोनी एकाच जागी बसल्या. एकावर एक. डोळ्याला एकच दिसती. मशीन दोन मोजतं. त्याचं बरूबर हाय, आपन त्याला दोन दिल्या."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. बावीस मधल्या भिंती, सगळ्या दोनदा. बारा फूट लांब, नऊ फूट उंच. विटा दहा हजारांवर जास्त आल्या होत्या आणि त्या माझ्या समोर रचून ठेवलेल्या होत्या. त्या घटकेला माझ्या डोक्यात कामगार नव्हते, चाळ नव्हती. माझी नोकरी होती फक्त. आणि हेही कळत होतं की आप्पांना आता काहीच करायचं नाही. नुसतं खरं सांगायचं. तपासल्याशिवाय तक्ता गेला की काय होतं, याचा याहून मोठा पुरावा त्यांना जन्मात मिळाला नसता. त्यांचं टेबल पक्कं झालं असतं.

तेवढ्यात नाना आलेच. "आप्पा, इटा लई दिसत्यात हो! त्यो मिस्त्री म्हंतो, निम्म्या माघारी धाडा. भट्टीवाला माघारी घेतोय व्हय? का मी खाऊ त्या, चटणीसंगं?"

आप्पा माझ्याकडं बघत नव्हते. विटांकडं बघत होते.

"जास्त न्हाईत, नाना. मधल्या भिंती नऊ इंची धरल्यात."

"आँ? चार ठरलं व्हतं ना?"

"ठरलं व्हतं. पर उद्या वर मजला चढवायचा म्हनलात, तर? चार इंचीवर चढंल का? पाया बघावा लागंलच, त्ये येगळं. पर चारवर तर इचारच नको."

नानांनी मान वर करून पाहिलं. वरचा मजला त्यांच्या डोळ्यांपुढं उभा राहिलेला मला दिसत होता. "आसं म्हंता," ते म्हणाले. "मंग आधी बोलायचं की, लेको! साहेब हुशार हाय तुमचा."

मिस्त्री बिहारातल्या छपऱ्याकडचा होता. त्यानं लांबून ओरडून विचारलं, "अप्पा, बीच वाला डबल जाएगा?"

"डबल," आप्पा म्हणाले. चार इंचीच्या दोन भिंती आणि मधला माल मिळून नऊ इंच; आकडा बसत होता.

मी त्यांना वीस वर्षांत कधी खोटा आकडा सांगताना ऐकलं नव्हतं, असं म्हणायला मी वीस वर्षं तिथं नव्हते. पण ऑफिसातल्या कुणालाही विचारा. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले. आभार मानायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "दर खोली पाच इंच बारकी झाली बघ. दहा फुटाच्या जागी साडेनऊला जरा वर. खाट टाकल्यावर दार उघडंल का, त्ये बघाया पायजे." शिरूरपर्यंत ते बोटांनी मांडीवर खाट मोजत होते.

मला हवी होती तीच भिंत झाली होती. पत्रकात लिहिली होती तशी, जाड.

चाळ उभी राहिली. नाना स्वतः ऑफिसात आले, पेढे घेऊन. "साहेब, एक वीट उरली न्हाई, एक कमी पडली न्हाई. ह्या पोरीनं हिशोब लावला म्हनं." साहेबांनी फायलीतून तो तक्ता काढला. उलटसुलट करून पाहिला.

"आप्पा, यावर तुमची खूण नाही?"

"न्हाई," आप्पा म्हणाले.

"म्हणजे तपासलाच नव्हता?"

"न्हाई."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो. अगदी मायेनं म्हणाले, "मग आता कशाला ओढाताण करता? या वयात रोज दौंड-शिरूर. पोरगी करते की व्यवस्थित."

खोलीत आम्ही चौघं होतो. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्याकडं तयार होतं, जिभेवर होतं. गप्प बसणं म्हणजे बाजू घेणं, हे मी निदान दहा पत्रकांत लिहिलेलं आहे. माझ्या हातात पेढा होता आणि मी तो खाल्ला.

"व्हय," आप्पा म्हणाले. "हिचं काम चोख हाय."

शनिवारी त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला. सोमवारी तिथं दुसरा कॉम्प्युटर लागला.

त्यानंतर तीन महिने मी कामाशिवाय कुणाशी बोलले नाही. पत्रक लिहायला बसले की पहिल्या ओळीतच अडकायचे. वडिलांनी विचारलं, काय झालं, तेव्हा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मला काय सांगतेस? तिथं सांग." दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. एकावर एक बसलेल्या भिंती, दहा हजार विटा, आप्पांचं बोलणं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बसल्या ना विटा भिंतीत?" ते म्हणाले. "मग आता ते उकरून काय करायचं? पुढच्या वेळी नक्कल करताना जपून." आणि पुढची फाईल माझ्याकडं सरकवली. मी नोकरी जाईल अशी तयारी करून गेले होते. काहीच गेलं नाही. तीन महिन्यांपूर्वी या वाक्याची किंमत एक टेबल होती. आता तिथं मशीन होतं.

रविवारी मी दौंडला गेले. लाइन ओलांडून, विचारत विचारत. आप्पा दारातच स्टुलावर बसले होते. मला पाहून ते इतके पटकन उठले की स्टूल पडलं. मी केळी नेली होती, ती त्यांनी कोनाड्यात ठेवली. मग हात धुतले, चष्मा रुमालानं पुसला, खाटेवरची वळकटी सरकवून फळी मोकळी केली आणि तिच्यावरून हात फिरवला.

"दे. कुठाय?"

"काय?"

"तक्ता. तपासायला आणला आसशील ना?"

मी म्हणाले, "आप्पा, मी साहेबांना सगळं सांगितलं. चाळीचं."

"कशाला? भिंत उभी ऱ्हायली की आता." त्यांना त्यात काहीच रस नव्हता. ते माझ्या पिशवीकडं पाहत होते. "न्हाई आणला का?"

त्या खोलीत त्या वेळी खरं बोलायला हवं होतं. साहेबांनी पाठवलेलं नाही, कुणी पाठवणार नाही, मी माफी मागायला आले आहे. मी म्हणाले, "राहिला ऑफिसात. घाईत राहिला."

त्यांचा चेहरा उजळला. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. उद्या घिऊन ये. सकाळची गाडी दहाच्या सुमाराला लागती हितं. ती चुकली तर दुपारची हाय. तू एवढ्या लांब लाइन वलांडून येऊ नगंस, मी स्टँडवरच येतो. बाकड्यावर बसून तपासू. आन् जमलं तर नकाशा बी आण, नुसत्या आकड्यावर खूण करायची मला सवय न्हाई."

मला सोडायला ते लाइनीपर्यंत आले. गाडी जायची म्हणून आम्ही थांबलो. मालगाडी होती, संपता संपत नव्हती. तिच्या आवाजात ते मोठ्यानं विचारत होते, कुठल्या घराचा तक्ता, किती खोल्या. मी त्यांना एका घराचं वर्णन केलं. शिक्रापूरचं, चार खोल्यांचं, पुढं ओटा. तसं घर आमच्याकडं आलेलंच नव्हतं. ते म्हणाले, "ओट्याचा कठडा इसरू नगंस. लोक इसरत्यात."

सोमवारी सकाळी साहेबांनी दोन नकाशे दिले, संध्याकाळपर्यंत हवेत म्हणून. खरं सांगायचं तर रजा मागितली असती तर त्यांनी दिली असती. मी मागितली नाही. दहा वाजले तेव्हा मी मशीनसमोर होते. दुपारची गाडी लागायच्या वेळेलाही तिथंच होते. आप्पांकडं फोन नव्हता, आणि त्या स्टँडवर माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. ते किती वाजेपर्यंत बाकड्यावर बसले, हे मला माहीत नाही. विचारायला मी परत गेलेले नाही.